मायग्रेनची चक्कर: ईईजी कशासाठी, कशासाठी नाही

प्रश्न: गेली दोन वर्षं अधूनमधून सगळं भोवती गरगरतं, कधी अर्धा तास, कधी दिवसभर. पूर्वी अर्धशिशी होती, आता डोकं फारसं दुखत नाही. कानाच्या तपासण्या आणि एमआरआय नॉर्मल आहेत. ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, काढला तर ही मायग्रेनचीच (अर्धशिशीची) चक्कर आहे हे पक्कं कळेल का?

उत्तर: नाही. आलेखावर बोट ठेवून ‘हीच मायग्रेनची चक्कर’ म्हणता येईल अशी खूण ईईजीत नसते. निदान होतं ते चकरेच्या हकिकतीवरून. बारानी सोसायटी (चक्कर आणि तोलाच्या विकारांच्या तज्ज्ञांची संघटना) आणि आंतरराष्ट्रीय डोकेदुखी सोसायटी यांनी २०१२ मध्ये निकष ठरवले: मध्यम किंवा तीव्र चकरेचे किमान पाच अटॅक, प्रत्येक ५ मिनिटं ते ७२ तासांचा, आत्ता किंवा पूर्वी मायग्रेन असणं, आणि किमान निम्म्या अटॅकमध्ये मायग्रेनचं एखादं लक्षण. शिवाय दुसऱ्या आजाराने याचा अधिक चांगला उलगडा होत नसला पाहिजे.

ते लक्षण डोकेदुखीच असावं असं नाही. उजेड आणि आवाज दोन्ही असह्य होणं किंवा डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा येणं हेही धरतात. डोकं दुखायचं थांबलं म्हणून जुन्या अर्धशिशीचा उल्लेखच न करणारे पुष्कळ रुग्ण असतात, आणि गाडी तिथेच अडते. तुम्ही ती आवर्जून सांगा. प्रत्येक अटॅकची नोंद ठेवा: सुरुवात आणि शेवटाची वेळ, उजेड-आवाजाचा त्रास, डोकेदुखी, कानात दडा किंवा आवाज, घेतलेली गोळी. कूस बदलल्यावर मिनिटभरच गरगरत असेल तर संशय कानातल्या सुट्या कणांवर जातो. चकरेसोबत ऐकू कमी येत असेल तर मेनिएर या आतल्या कानाच्या आजारावर.

प्रश्न: असं असेल तर माझ्या डॉक्टरांनी ईईजी का लिहून दिला?

उत्तर: बहुधा अपस्माराची, म्हणजे फिट येण्याच्या आजाराची, शंका दूर करायला. क्वचित चक्कर हाच फिटचा भाग असतो. ती बहुतेकदा काही सेकंदांची, दर वेळी हुबेहूब तशीच असते. सोबत भान हरपणं, एकटक पाहणं, तोंड चावल्यासारखं हलवणं दिसू शकतं. असं काही घडत असेल तर ईईजी जरूर काढावा, आणि घरच्यांनी अटॅकचा मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा. तसं काही नसेल तर नुसत्या मायग्रेनसाठी हा ईईजी फारसं काही देत नाही. उलट धोका असा, की मायग्रेनच्या रुग्णांत किरकोळ, अर्थ न लागणारे बदल दिसतात आणि तेवढ्यावरून फिटच्या गोळ्या सुरू होतात. दुसरीकडे, एक ईईजी नॉर्मल आला म्हणजे अपस्मार नाहीच, असंही नाही.

प्रश्न: मेंदूच्या लहरींवरून मायग्रेन ओळखण्याचं संशोधन चालू आहे असं वाचलं. त्यात नेमकं काय पाहतात?

उत्तर: एक जुनी पद्धत म्हणजे चमकत्या दिव्याची. दिवा सेकंदाला वीसहून अधिक वेळा लुकलुकवला, तरी मायग्रेनच्या अनेक रुग्णांत डोक्यामागच्या भागातल्या लहरी त्याच ठेक्यावर चालू राहतात. हे १९५९ पासून माहीत आहे. पण डोकं न दुखणाऱ्यांतही ते दिसतं, म्हणून निदानाला पुरत नाही.

दुसरी पद्धत अधिक बोलकी आहे. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटी सतत उलटसुलट करतात आणि डोक्यामागच्या इलेक्ट्रोडवर (लहरी टिपणाऱ्या छोट्या चकतीवर) उमटणाऱ्या प्रतिसादाची शेकडो वेळा नोंद घेऊन सरासरी काढतात. निरोगी मेंदू सरावतो, प्रतिसाद हळूहळू उतरतो. मायग्रेनमध्ये, दोन अटॅकच्या मधल्या काळात, तो उतरत नाही किंवा वाढतो. अटॅकच्या वेळी मात्र हा फरक पुसट होतो. म्हणजे नोंद कोणत्या दिवशी घेतली यावर निकाल बदलतो. सगळ्या प्रयोगशाळांना हा फरक सापडलेलाही नाही. गटागटांच्या सरासरीत दिसणारा फरक एका रुग्णाचं निदान करायला पुरत नाही, हे मोठ्या आकड्यांच्या बातम्या वाचताना लक्षात ठेवावं.

प्रश्न: ईईजीला जाताना काय काळजी घ्यावी?

उत्तर: आदल्या दिवशी केस धुवा, तेल, जेल, कंडिशनर नको. त्वचेशी संपर्क नीट नसेल तर विजेच्या पुरवठ्याची ५० हर्ट्झची खरखर नोंदीत घुसते. नेहमीच्या गोळ्या मनाने बंद करू नका, पण यादी द्या: चकरेवर घेतलेल्या क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांनी जलद लहरी वाढतात. चमकत्या दिव्याने अटॅक येत असेल तर तंत्रज्ञाला आधी सांगा, आणि परतताना सोबत कुणीतरी असू द्या.

चक्कर चालू असताना नोंद घेतली तर आणखी एक घोटाळा होतो. डोळ्याच्या पुढच्या भागावर मागच्या भागाच्या तुलनेत धन विद्युतभार असतो, त्यामुळे चकरेत डोळे आडवे झटके मारू लागले की कपाळाच्या दोन्ही बाजूंच्या इलेक्ट्रोडवर करवतीच्या दातांसारख्या लहरी उमटतात. एका बाजूला वर, दुसरीकडे खाली. ती मेंदूची लहर नव्हे. डोळ्यांजवळ जादा इलेक्ट्रोड लावले की हे लगेच उमगतं, म्हणून चक्कर चालू आहे हे सुरुवातीलाच सांगा.