ऑझलॅनमध्ये ‘ने’ आणि ‘ला’ कुठे असतात?

मेलबर्नमध्ये राहणाऱ्या एका वाचकाची मुलगी शाळेत ऑझलॅन, म्हणजे ऑस्ट्रेलियातील कर्णबधिर समाजाची सांकेतिक भाषा, शिकते आहे. ‘आई’, ‘भाऊ’, ‘पुस्तक’ आणि ‘देणे’ या खुणा तिला येतात. परंतु ‘आईने भावाला पुस्तक दिले’ या वाक्यातील ‘ने’ आणि ‘ला’ यांसाठी कोणती खूण करावी हे तिला सापडत नाही. तेव्हा या भाषेला विभक्तीच नाही असे समजावे काय, असा वाचकाचा प्रश्न आहे.

नामाला लागणारा प्रत्यय या अर्थाने विभक्ती ऑझलॅनमध्ये नाही. म्हणून ‘ला’ची खूण शोधू नये. मात्र कोणी कोणाला दिले ही माहिती हरवत नाही, ती क्रियापदात असते. ‘आई’ ही खूण करून आपल्या उजवीकडच्या जागेकडे बोट दाखवायचे, ‘भाऊ’ ही खूण करून डावीकडे, आणि मग ‘देणे’चा हात उजवीकडून डावीकडे न्यायचा. दिशा उलटी केली की भावाने आईला दिले, असा अर्थ होतो. दोघेही समोर बसलेले असतील तर जागा नेमावी लागत नाही. हात थेट त्यांच्याच दिशेने फिरतो. नेमलेली जागा पुढेही त्या व्यक्तीची राहत असल्यामुळे ‘मग त्याने तिला विचारले’ हे सांगताना नामे पुन्हा घ्यावी लागत नाहीत.

मराठीशी ताडून पाहिले तर यातील खरी गंमत कळते. ‘आईने भावाला पुस्तक दिले’ हा कर्मणी प्रयोग आहे. ‘दिले’ हे रूप पुस्तकाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, आणि देणारी व घेणारा यांची कोणतीही खूण त्यावर उमटत नाही. ऑझलॅनमध्ये देणारा आणि घेणारा हेच क्रियापदाच्या हालचालीची दोन टोके ठरवतात. शिवाय पेला दिला असेल तर हाताचा आकार पेला धरल्यासारखा करता येतो, म्हणजे दिलेली वस्तूही त्याच खुणेत सामावते. लिंगभेद मात्र यात कुठेच येत नाही.

सगळीच क्रियापदे अशी वळत नाहीत. ‘आवडणे’, ‘माहीत असणे’ यांसारख्या खुणा शरीराला टेकवून होतात, त्यामुळे त्यांना दिशा देता येत नाही. तेथे खुणांचा क्रम, बोट दाखवणे आणि संदर्भ यांवर भिस्त असते. उलट ‘घेणे’, ‘आमंत्रण देणे’ यांत हात समोरच्याकडून आपल्याकडे येतो. या शेवटच्या गटात नवशिके फार फसतात, कारण कर्त्यापासून कर्माकडे हा नियम त्यांनी सरसकट धरलेला असतो.

या दिशादर्शनाला व्याकरणातील अन्वय, म्हणजे कर्त्या-कर्माप्रमाणे क्रियापदाचे रूप बदलणे, म्हणावे की बोट दाखवण्याचाच एक प्रकार म्हणावे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. १९८९ साली ऑझलॅनचा पहिला कोश सिद्ध करणारे ट्रेव्हर जॉन्स्टन आणि त्यांचे सहकारी अॅडम स्केंब्री अशा क्रियापदांना ‘दर्शक’, म्हणजे बोटासारखी जागा दाखवणारी, म्हणतात. मला त्यांचे म्हणणे पटते, कारण अस्सल ऑझलॅनभाषकही दर वेळी दिशा देतातच असे नाही, आणि मराठीत ‘ती गेला’ जसे चुकते तसे दिशा न दिलेले वाक्य चुकीचे ठरत नाही.

सरावापुरते दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. समोरच्याची खूण पाहताना त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. जागा त्याच्या बाजूने वाचायच्या असतात, आणि उत्तर देताना त्याने आईला दिलेली जागा बदलायची नसते. दुसरे म्हणजे, कोशात क्रियापद त्याच्या मूळ रूपातच दाखवलेले असते. ते रूप पाठ करून थांबू नये. ‘मी तुला देते’, ‘तू मला देतोस’, ‘ती त्याला देते’ अशी तिन्ही रूपे एका बैठकीत, प्रत्येक वेळी हात कुठून निघाला आणि कुठे पोहोचला हे पाहत, करून घ्यावीत.