संगणकाची पदवी नसताना आणि गणित कच्चे असताना गेम प्रोग्रॅमिंग शिकता येईल का?

आपण बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, गणिताची धास्ती आहे, आणि सुरुवात कोणत्या भाषेपासून करावी असे आपण विचारले आहे. शिकता येते, मीही बी.कॉम. करतानाच शिकलो. भाषेचे नंतर सांगतो, कारण ती या प्रश्नातली सर्वांत गौण बाब आहे. मात्र ‘गणित कच्चे’ हे शब्द वाचले आणि एक जुना वाद डोक्यात पुन्हा सुरू झाला.

२००९ साली आम्ही शनिवार पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. बंद होत असलेल्या एका सायबर कॅफेतून वडिलांनी जुना संगणक आणला होता, तो मी टॅली शिकावी म्हणून. घरी इंटरनेट नव्हते, त्यामुळे पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्यात खेळ करण्यासाठीचा पायगेम हा तयार कोडचा संच मी पेनड्राइव्हवर घालून आणले. वाड्याच्या चौकात रोज रात्री कॅरम रंगत असे, म्हणून पहिला खेळ कॅरमचाच करायला घेतला. सोंगटीचा वेग मी दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचे चित्र नव्याने काढताना दर वेळी, ०.९८ ने गुणून कमी करत होतो. वडील एक डाव खेळले आणि म्हणाले, “अरे, ही तेलावरून घसरल्यासारखी जातेय, थांबतच नाही.” त्यांचे बरोबर होते. अशा गुणाकाराने वेग घटत राहतो, पण शून्य होत नाही. बोर्डावरचे कोरडे घर्षण मात्र सोंगटी जोरात असो की हळू, साधारण सारख्याच बळाने तिला मागे ओढते. दर सेकंदाला ठरावीक वेग वजा करू लागलो, तशी ती बोरिक पावडर टाकलेल्या बोर्डावरच्यासारखी थांबू लागली.

खरी फजिती पुढेच होती. गणेशोत्सवात, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला माझा आतेभाऊ आमच्याकडे आला होता. सगळे जमलेले असताना मी खेळ दाखवायला घेतला, जोरात मारला, आणि स्ट्रायकर क्वीनला स्पर्शही न करता तिच्या आरपार निघून गेला. “पाया नाही ना. आधी गणित आणि डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे माहिती मांडून ठेवायच्या पद्धती, कर, मग असले खेळ,” असे म्हणून त्याने ताटातला मोदक उचलला.

त्या रात्री मी हिशेब मांडला. संगणक सेकंदाला जेमतेम २० फ्रेम काढत होता आणि स्ट्रायकरचा वेग होता सेकंदाला १४०० पिक्सेल, म्हणजे एका फ्रेममध्ये ७०. स्ट्रायकरची त्रिज्या १४ आणि सोंगटीची ११, तेव्हा दोन्ही केंद्रांमधले अंतर २५ किंवा त्याहून कमी झाले तरच टक्कर. अगदी समोरासमोर धडक असली तरी ती ५० पिक्सेलच्या पट्ट्यातच पकडता येते, आणि माझा स्ट्रायकर एका ढांगेत तो पट्टा ओलांडत होता. या फ्रेमला तो अलीकडे, पुढच्या फ्रेमला पलीकडे, आणि मधले काही घडलेच नाही.

आता स्पर्श होतो आहे का, हे विचारणेच चुकीचे होते. या फ्रेममध्ये अंतर नेमके २५ कोणत्या क्षणी होईल, हे विचारायला हवे होते. अंतराचा वर्ग मांडला की काळाचे वर्गसमीकरण तयार होते. त्याच्या दोन मुळांपैकी लहान मूळ म्हणजे टक्कर, आणि विवेचक (सूत्रातली वर्गमुळाखालची संख्या) ऋण आला तर स्ट्रायकर बाजूने निघून गेला. हे सूत्र दहावीला मी गुणांसाठी घोकले होते आणि पार विसरलो होतो. अप्पा बळवंत चौकातून बीजगणिताचे जुने पुस्तक आणून ते पुन्हा वाचले, तेव्हा पहिल्यांदा समजले. दिवाळीत आतेभावाला कागद दाखवला, तर तो म्हणतो, “हे तर दहावीचे आहे.” मग मी तरी दुसरे काय म्हणत होतो?

आधी गणित आणि मग खेळ, हा क्रम ज्यांनी कधी खेळ केला नाही त्यांनी लावलेला आहे. अर्थात आतेभाऊ सर्वस्वी चुकला नव्हता, हे इथे कबूल करतो (त्याच्यासमोर अजून केलेले नाही). कॅरममध्ये स्ट्रायकर धरून २० वस्तू असतात, म्हणजे तपासायच्या जोड्या १९०. पुढे एका खेळात २००० वस्तू आल्या, जोड्या १९,९९,००० झाल्या आणि संगणक गुडघे टेकून बसला. तेव्हा पडद्याचे चौकोन पाडून फक्त शेजारच्या वस्तू तपासणे शिकावे लागले, आणि ते त्याच्या पुस्तकात पहिल्यापासून होते.

भाषेबद्दल: गोडो घ्या. हे खेळ बनवण्याचे तयार सॉफ्टवेअर आहे. त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा पायथॉनच्या वळणाची आहे, आणि २०१४ पासून त्याचा कोड खुला असल्याने कोणी मध्येच भाडे मागणार नाही. युनिटी या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केले आणि वर्षभराने मागे घेतले, पण दुसऱ्याच्या ओसरीवर संसार मांडल्यावर काय होते ते त्यात दिसले. वेगवान वस्तूंच्या टकरीसाठी गोडोत तयार पर्याय आहे. तो पहिल्या खेळात वापरू नका, एक स्ट्रायकर आणि एक सोंगटी स्वतः आदळवून पाहा.

आणि बी.कॉम. मात्र पूर्ण करा. खेळांवर घर चालू लागेपर्यंत सहा वर्षे मी दिवसा लोकांच्या जमाखर्चाच्या नोंदी करत होतो, आणि त्यातली पहिली तीन वर्षे विजेचे बिल वडीलच भरत होते.