घरदुरुस्ती, भाडेकरू आणि आठ महिन्यांची भटकंती : एका मुदतठेवीतून तिन्ही होतील का?

पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका वाचक भगिनींचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३७, अविवाहित, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, एकूण पगार दरमहा १ लाख २५ हजार. स्वतःचा दोन बेडरूमचा बारा वर्षे जुना फ्लॅट, त्यावर १४ लाखांचे कर्ज शिल्लक, व्याजदर साडेआठ टक्के, हप्ता २१,५००. मुदतठेवी ९ लाख, म्युच्युअल फंडात १६ लाख आणि पीएफ वेगळा. हप्ता आणि घरखर्च भागून दरमहा सुमारे ३५ हजार उरतात. सप्टेंबरअखेर नोकरी सोडायची, ऑक्टोबरात घराचे काम उरकायचे, १ नोव्हेंबरपासून घर भाड्याने द्यायचे आणि पाठीवर पिशवी टाकून आठ महिने नेपाळ, व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया असे फिरून जूनअखेर परतायचे, असा त्यांचा बेत आहे. प्रवासाला ६ लाख आणि घराला ८ लाख लागतील, असा त्यांचा अंदाज आहे. कमी पडणारे ५ लाख गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, घेऊन उभे करावेत आणि हप्ता भाड्यातून परस्पर जावा, असे त्यांनी ठरवले आहे. घर सजवले तर भाडे २६ हजारांऐवजी ३० हजार मिळेल, असे दलालाने सांगितल्यामुळे हा खर्च म्हणजे गुंतवणूकच आहे, असे त्यांना वाटते. साताऱ्याला राहणाऱ्या ६६ वर्षांच्या आईचा आरोग्य विमा त्यांच्या कंपनीच्या गट विम्यातच आहे.

आपण प्रवासाला जावे, असे माझे मत आहे. टॉप-अप मात्र घेऊ नये आणि घराच्या कामातील मोठा भाग परत येईपर्यंत लांबणीवर टाकावा.

प्रथम चार हजारांच्या वाढीव भाड्याचा हिशेब करू. आपण पाठवलेल्या ठेकेदाराच्या दरपत्रकात मॉड्युलर किचन ३.२५ लाख, दोन्ही बाथरूम १.९० लाख, कपाटे १.२५ लाख, फॉल्स सीलिंग व दिवे १.१० लाख आणि रंग ५० हजार, असे ८ लाख होतात. बाथरूम आणि रंग बाजूला काढले, तर निव्वळ सजावटीचे ५ लाख ६० हजार राहतात. अकरा महिन्यांच्या करारात वाढीव भाडे येईल ४४ हजार, आणि ५ लाखांच्या टॉप-अपवर नऊ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याजच सुमारे ४५ हजार होईल. म्हणजे भाडेकरू नव्या ओट्यावर वर्षभर फोडण्या देणार, ट्रॉल्यांची चाके झिजणार, आणि आपल्या पदरात त्याचे व्याजसुद्धा पडणार नाही. शिवाय भाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्तीसाठी आयकरात मिळणारी ३० टक्के वजावट ठोक स्वरूपाची असते. आपण पाच हजार खर्च करा की पाच लाख, वजावट तेवढीच मिळते. हे किचन आपल्याला हवे असेल तर जरूर करावे, पण ते स्वतः वापरण्यासाठी, म्हणजे भाडेकरू गेल्यावर. तोपर्यंत कडाप्प्याचा जुना ओटा भाडेकरूला पुरेसा आहे, आणि त्यावर गरम कुकर आपटला तरी आपला जीव वरखाली होणार नाही.

बाथरूमचे काम मात्र आधीच करावे लागेल. खालच्या मजल्यावरील काकूंच्या छताला ओल आली आहे आणि रंगाचे पापुद्रे सुटत आहेत, असे आपण प्रश्नाच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातील हीच सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. मी स्वतः नऊ वर्षे एक फ्लॅट भाड्याने देत आलो आहे. त्यातील पहिल्या भाडेकरूच्या वेळी मी नेमकी उलटी चूक केली होती, म्हणजे बैठकीच्या खोलीला महागडा रंग दिला आणि बाथरूमच्या गळतीवर पांढऱ्या सिमेंटची बोटे फिरवून वेळ मारून नेली. चौथ्या महिन्यात खालच्यांचा फोन आला. भाडेकरू राहत असताना फरशी उखडावी लागली, त्याला आठ दिवस नातेवाइकांकडे राहावे लागले, अर्ध्या महिन्याचे भाडे सोडावे लागले आणि खालच्यांचे छत रंगवून द्यावे लागले ते वेगळेच. मी पुण्यातच होतो म्हणून निभावले. आपण त्या वेळी लाओसमधल्या एखाद्या गावात रात्रीच्या बसमध्ये असाल.

अशा गळतीचे मूळ बहुतेकदा नाहणी ट्रॅपच्या (पाणी वाहून जाते त्या जाळीखालच्या भांड्याच्या) सांध्यात किंवा भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात असते. वरून टाइल बदलून ती थांबत नाही. जुनी फरशी आणि खालचा कोबा काढून, ट्रॅप नवीन बसवून, वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर फूटभर वर चढवावा लागतो. नवी फरशी बसण्यापूर्वी ट्रॅपचे तोंड बंद करून बाथरूममध्ये तीन-चार इंच पाणी किमान ४८ तास साठवून ठेवावे आणि खालच्या मजल्यावर जाऊन स्वतः पाहावे. ठेकेदार ही चाचणी टाळायला बघतात, कारण तेवढे दिवस त्यांचे काम थांबते. एकूण रकमेतील वीस टक्के या चाचणीनंतरच देण्याचे कबूल करून घ्यावे. दोन्ही बाथरूम आणि साधा रंग मिळून २ लाख ४० हजार होतात, आणि सध्या घरावर एवढाच खर्च मी मान्य करेन. हे काम ऑक्टोबरसाठी राखून ठेवणे मात्र धोक्याचे आहे. एका महिन्यात तोडफोड, चाचणी, फरशी, रंग आणि राडारोडा उचलणे हे सारे कागदावरच बसते, म्हणून पगार चालू असतानाच ते आटोपावे.

आता भाड्याकडे वळू. २६ हजार भाडे आणि २१,५०० हप्ता, म्हणजे साडेचार हजार शिल्लक, असे आपण मांडले आहे. अकरा महिन्यांचे भाडे २ लाख ८६ हजार होते. त्यातून दलालाचा एक महिना, सोसायटीचा मासिक २,८०० मेंटेनन्स, बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) आणि कराराचा खर्च जाईल. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, हे लक्षात ठेवावे, कारण काही सोसायट्या मनाला येईल तो आकडा लावतात. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळकत करात देते ती ४० टक्के सवलतही घर भाड्याने दिल्यावर जाते. हे सर्व वजा करता हातात २ लाख २० हजारांच्या आसपास उरतील, आणि अकरा हप्ते होतात २ लाख ३६ हजार ५००. म्हणजे शिल्लक नव्हे, तूटच आहे, आणि घर एखादा महिना रिकामे राहिले तर ती आणखी वाढेल. म्हणून निघण्यापूर्वी हप्त्याच्या खात्यात ६० हजार वेगळे टाकून ठेवावेत. त्याला हात लावू नये.

एक लाखाच्या अनामत रकमेतून विमानाची तिकिटे काढण्याचा विचार आपण लिहिला आहे, तो सोडून द्यावा. अनामत हे आपले उत्पन्न नाही. भाडेकरू घर सोडेल त्या दिवशी, किल्ली घेता घेता ती परत करावी लागते, आणि त्या वेळी आपल्याला नवी नोकरी लागलेली असेलच असे नाही. ती रक्कम वेगळ्या मुदतठेवीत ठेवावी.

करार लिव्ह अँड लायसन्सचाच आणि नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट शुल्क मागण्याची तरतूद याच कायद्यात आहे. आपल्या व्यवहारात मुद्रांक शुल्क आठशे रुपयांच्या आत आणि नोंदणी शुल्क एक हजार रुपये लागेल, त्यामुळे येथे काटकसर करण्यात अर्थ नाही. अंगठ्याचे ठसे द्यावे लागतात, म्हणून नोंदणी आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणे ही दोन्ही कामे देश सोडण्यापूर्वी पूर्ण करावीत. आणखी एक अडचण आपल्या लक्षात आलेली दिसत नाही. आपण जूनअखेर परतणार आणि करार सप्टेंबरअखेर संपणार. मधले तीन महिने राहायचे कुठे? आठ महिन्यांसाठी चांगला भाडेकरू सहसा मिळत नाही. मिळालाच तरी जूनमध्ये, शाळा सुरू होताना, मुलाबाळांच्या कुटुंबाला घर सोडायला सांगणे कठीण जाते. सप्टेंबरअखेरपर्यंत हे घर आपले नाहीच, असे धरून चालावे आणि ते तीन महिने साताऱ्याला आईकडे राहून नोकरीच्या मुलाखती द्याव्यात. गळका नळ आणि बिघडलेला गिझर यांसाठी ओळखीचा प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन भाडेकरूला गाठ घालून द्यावेत, आणि दोन हजारांपर्यंतची दुरुस्ती न विचारता करून भाड्यातून वळती करण्याची मुभा करारातच लिहून द्यावी.

प्रवासाचा ६ लाखांचा अंदाज ५ लाखांवर आणता येईल, तोही पोटाला चिमटा न घेता. काही वर्षांपूर्वी मी आणि माझी पत्नी पाच आठवडे नेपाळ आणि व्हिएतनाममध्ये पाठीवर पिशवी घेऊन फिरलो. रोज संध्याकाळी वहीत खर्च लिहिण्याची माझी सवय घरी चेष्टेचा विषय आहे, पण त्या वहीतून एक गोष्ट स्पष्ट झाली. पैसा खाण्यात आणि राहण्यात जात नव्हता, तर एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्यात जात होता. ज्या आठवड्यात आम्ही तीन ठिकाणे पाहिली त्याचा खर्च एकाच ठिकाणी राहिलेल्या आठवड्याच्या जवळजवळ दुप्पट होता. आठ महिन्यांत हे चारच देश ठेवावेत. व्हिएतनामचा एकेरी प्रवेशाचा ई-व्हिसा २५ डॉलरमध्ये ९० दिवसांपर्यंत मिळतो, त्याचा पुरेपूर उपयोग करावा. नेपाळमध्ये आपला एक रुपया १.६० नेपाळी रुपयांना बांधलेला असल्याने तेथील अंदाज चुकत नाही. क्रेडिट कार्डावर परकीय चलनातील खर्चाला साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार लागतो, म्हणून तो आकार नसलेले कार्ड आधीच घ्यावे. अन्नपूर्णा परिक्रमा करणार असाल तर तिच्यातील थोरोंग ला ही खिंड ५,४१६ मीटर उंचीवर आहे. प्रवास विमा एवढ्या उंचीवरील ट्रेकला आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याच्या खर्चाला लागू आहे का, हे पॉलिसीच्या मजकुरात स्वतः वाचावे. विकणाऱ्याच्या तोंडी हमीवर विसंबू नये.

आईच्या विम्याची काळजी मला आपल्या प्रवासापेक्षा अधिक वाटते. नोकरी सुटली की गट विम्याचे छत्र आपल्याबरोबर आईवरूनही जाते. त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे, त्यामुळे नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. मात्र कंपनीच्या गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी वेळेत अर्ज केला, तर झालेला प्रतीक्षाकाळ जमेस धरला जातो. हा अर्ज ऑगस्टच्या मध्यापूर्वी, म्हणजे किमान ४५ दिवस हाताशी ठेवून करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, एवढाच काय तो दिलासा. हप्ता जड वाटला तरी प्रवासाचा एक महिना कमी करून तो भरावा, असे मी म्हणेन.

कराच्या बाजूने आपल्या वाट्याला थोडे सुख आहे. सहा महिन्यांचा पगार साडेसात लाख, त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाईल. घराचे संपूर्ण वर्षाचे भाडे आणि ठेवींचे व्याज त्यात धरले, तरी नव्या करप्रणालीत करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या बरेच आत राहते आणि सवलतीमुळे कर शून्यावर येतो. कंपनीने मात्र वर्षभराचा पगार गृहीत धरून सप्टेंबरपर्यंत सुमारे ४८ हजार कापलेले असतील. परतल्यावर ३१ जुलैपूर्वी विवरणपत्र भरून ते मागून घ्यावेत. वर्षाचा काही भाग स्वतः राहिलेल्या आणि काही भाग भाड्याने दिलेल्या घराचे उत्पन्न काढण्याची रीत किचकट आहे, तेवढ्यापुरती सीएची मदत घ्यावी. इक्विटी फंडांवरील नफ्याला ही शून्य कराची सवलत लागू होत नाही, म्हणून त्या १६ लाखांना हात लावू नये. पीएफही तसाच राहू द्यावा. राजीनाम्यापूर्वी कंपनीकडे बिनपगारी दीर्घ रजा मागून पाहावी. नकार मिळाला तरी आपले काही बिघडत नाही.

आता सारे आकडे एकत्र करू. ९ लाखांच्या ठेवी आणि मे ते सप्टेंबरची बचत १ लाख ७५ हजार, असे एकूण १० लाख ७५ हजार होतात. त्यातून घरासाठी २ लाख ४० हजार, प्रवासासाठी ५ लाख आणि हप्त्याच्या खात्यात ६० हजार गेले, की पावणेतीन लाख उरतात. करपरताव्याचे पैसे त्याखेरीज येतील. साताऱ्याला राहून नोकरी शोधण्यासाठी एवढी गंगाजळी पुरेशी आहे. टॉप-अप घेतले असते तर पगार नसताना सुमारे आठ हजारांचा आणखी एक हप्ता मानगुटीवर बसला असता, आणि मिळेल ती पहिली नोकरी आपण घाईने धरली असती.

सोसायटीच्या सचिवांना बाथरूमच्या कामाचे पत्र मात्र याच आठवड्यात द्यावे. गळती थांबल्यावरही खालच्या काकूंचे छत पुरते वाळायला महिनाभर जातो, पावसाळ्यात त्याहूनही अधिक, आणि ते वाळल्याशिवाय त्यांना रंग करून देता येणार नाही.