"घशात खाजलं, पण मी कुणाला सांगितलं नाही"

मुलाला एखाद्या खाद्यपदार्थाची ॲलर्जी असलेले पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा त्यांचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "मी समोर नसताना त्याने काही खाल्लं तर?" ही काळजी खरी आहे आणि ती नुसती समजूत घालून जाणारी नाही, म्हणून एका मायलेकींची हकिगत, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगते.

मुलगी नऊ वर्षांची होती. पूर्वी एकदा शेंगदाणे खाल्ल्यावर काही मिनिटांतच तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली आणि तिला तातडीने रुग्णालयात न्यावे लागले. तेव्हापासून आईने वाढदिवस, सहली, मैत्रिणीकडे जाणे हे सारे बंद केले होते. शिवाय रक्ततपासणीत दूध, अंडी आणि गहू यांपुढचे आकडे वाढलेले दिसले म्हणून, मुलगी आजवर बिनतक्रार खात आलेले हे पदार्थही ताटातून गेले होते.

काही भेटींनंतर मी मुलीला आईसमोरच विचारले, "तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" शेंगदाण्याची, असे उत्तर आईने मनोमन धरले होते. मुलगी बराच वेळ बाहीची शिवण बोटाने उसवत राहिली आणि मग म्हणाली, "आई घाबरते, त्याची."

"म्हणजे?"

"शाळेत एकदा घशात खाजत होतं. पण मी कुणाला सांगितलं नाही. बाईंनी आईला फोन केला असता."

आईच्या डोळ्यांत पाणी आले, पण ती काही बोलली नाही आणि मीही ती शांतता मोडली नाही. माझ्या कामातला हा क्षण मला फार मोलाचा वाटतो, कारण आईचा सगळा पहारा ज्या गोष्टीसाठी होता तीच गोष्ट, म्हणजे पहिले लक्षण वेळेवर कळणे, त्या पहाऱ्यामुळेच निसटत होती. टाळत राहिल्याने भीती कमी होत नाही, ती पोसली जाते. आणि घरातल्या मोठ्यांची भीती मूल शब्दांवाचून उचलते, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे.

यानंतर आम्ही भीतीवर बोलणे थांबवले आणि कृतीकडे वळलो. सर्वप्रथम मी त्यांना ॲलर्जीतज्ज्ञांकडे पाठवले. तपासणीतला वाढलेला आकडा म्हणजे ॲलर्जीच असे नसते. पदार्थ खाल्ल्यावर प्रत्यक्ष काय झाले होते यालाही तितकेच महत्त्व असते, आणि शंका उरल्यास डॉक्टर आपल्या देखरेखीखाली तो पदार्थ थोडाथोडा खाऊ घालून पाहतात. हा प्रयोग घरी कधीही करू नये. दूध, अंडी, गहू ताटात परतले. शेंगदाण्याची बंदी मात्र कायम राहिली.

मग डॉक्टरांनी लिहून दिलेली योजना शाळेत, घरी आणि आजीआजोबांकडे पोहोचली. श्वास घेताना त्रास, घोगरा आवाज, थांबत नसलेला खोकला, भोवळ किंवा एकाएकी आलेली मरगळ दिसताच मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनालिनचे इंजेक्शन द्यायचे आणि रुग्णवाहिका बोलवायची. मुलाला आडवे झोपवावे, धाप असेल तर बसू द्यावे, पण चालवू नये. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरी मात्रा द्यावी लागते, म्हणून दोन इंजेक्शने जवळ हवीत. ॲलर्जीच्या गोळीने खाज कमी होते, कोंडलेला श्वास मोकळा होत नाही. तिच्या भरवशावर थांबण्यात मोलाचा वेळ जातो. बरे वाटले तरी रुग्णालयात जावेच, कारण लक्षणे काही तासांनी परत येऊ शकतात. शेंगदाण्याचा अंश लागलेले हात साबण-पाण्यानेच धुवावेत. सॅनिटायझरने तो निघत नाही.

हे इंजेक्शन पेनासारखे असते; त्याच्या सुई नसलेल्या, सरावाच्या पेनाने आईने माझ्यासमोर सराव केला तेव्हा सुरुवातीला तिचे हात थरथरत होते. मुलीला मी एकच वाक्य पाठ करायला दिले : "मला ॲलर्जीचा त्रास होतोय, आत्ता मदत करा." आईलाही एक दिले : "सांगितलंस ते बरं केलंस." लक्षण साधे निघाले तरी हेच म्हणायचे, चेहऱ्यावर घबराट न आणता. पुढे एका वाढदिवसाला घसा खाजल्याबरोबर मुलीने यजमानांना सांगितले. खाज तेवढ्यावरच थांबली, योजनेप्रमाणे तिच्यावर लक्ष ठेवले गेले आणि आई फोनवर फक्त ते एक वाक्य बोलली.