आधी सांगणाऱ्याचं वय विचार

प्रिय मुली,

कादंबऱ्यांतल्या निवेदकांचा तुझा तक्ता पाहिला. डावीकडे होल्डन, पांडुरंग, एस्थर, चार्ली, मुकुंद. वर रकाने: नैराश्य, एकटेपणा, ढोंगाची चीड, भावंडाचा मृत्यू. खुणा अगदी नीटनेटक्या. आणि खाली तूच लिहिलं आहेस, ‘सगळे सारखेच दिसायला लागलेत, आता काय लिहू?’ सारखे दिसणारच. केसपेपरवर सगळी माणसं सारखीच दिसतात.

भरपूर वाच, मनापासून लिही, हे तुला सांगायची गरज नाही. एकच गोष्ट सांगते आणि कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. मूल दुःखी का आहे, हे नंतर. सांगणारा केव्हा बोलतोय ते आधी विचार. भोगणारा आणि सांगणारा यांच्यात किती वर्षं गेली?

‘द कॅचर इन द राय’ (१९५१) घे. होल्डन सोळाव्या वर्षाची गोष्ट सतराव्या वर्षी सांगतो, तीही उपचारासाठी ठेवलेल्या जागेतून. मध्ये जेमतेम काही महिने. जखम ओली आहे, म्हणून धाकट्या भावाच्या, ॲलीच्या मृत्यूवर तो सरळ येतच नाही. खोलीतल्या मित्रासाठी निबंध लिहायचा असतो, एखाद्या खोलीचं किंवा घराचं वर्णन, आणि हा लिहितो भावाच्या बेसबॉलच्या हातमोज्यावर, ज्यावर हिरव्या शाईत कविता उतरवलेल्या होत्या. गॅरेजच्या काचा फोडल्याचं ओझरतं सांगून टाकतो. पाऊस आला की हात अजून दुखतो, म्हणतो. ‘अजून’ म्हणजे सांगताना. हे तुझ्या कुठल्या रकान्यात बसतं?

आता ‘कोसला’. पांडुरंग पहिल्याच वाक्यात आपलं वय सांगून मोकळा होतो, पंचवीस. आणि तू ते वय बघितलंसुद्धा नाहीस! पंचविशीतला पांडुरंग कॉलेजातल्या पांडुरंगाची टर उडवत असतो. तेवढं अंतर त्याने मिळवलंय. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी मात्र ते अंतर मोडून पडतं, टवाळी बंद होते. होल्डनला अंतर मिळालेलंच नाही, पांडुरंगाचं मिळालेलं हातचं जातं. दोघांपुढे तू एकच खूण केलीस, ‘भावंडाचा मृत्यू’. राग आला मला.

सगळ्यात जास्त राग एस्थरबद्दलचं वाचून आला. ‘द बेल जार’ ‘कोसला’च्याच वर्षी आली, १९६३ मध्ये. जानेवारीत टोपणनावाने पुस्तक निघालं आणि पुढच्याच महिन्यात लेखिका सिल्व्हिया प्लाथ गेली, म्हणून तू एस्थरलाही आधीच मारून ठेवलंस. पहिलं प्रकरण पुन्हा वाच. मासिकाकडून भेट मिळालेल्या वस्तूंबद्दल ती सांगते, आणि जाता जाता एक वाक्य येतं: गेल्या आठवड्यात चष्म्याच्या घरावरचा प्लास्टिकचा तारामासा बाळाला खेळायला कापून दिला. बाळाला! म्हणजे जिच्या तोंडून ही एकोणिसाव्या वर्षाची पडझड ऐकतोय ती बाई त्यातून निघालेली आहे, लिपस्टिक वापरते आहे, घरात मूल आहे. पुढचं सगळं या वाक्याच्या उजेडात वाचायचं. लेखिकेच्या चरित्राने कादंबरीतल्या बाईच्या तोंडावर हात ठेवू नकोस.

‘द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर’मधल्या चार्लीची पत्रं ताजीताजी लिहिलेली. त्याला ‘अविश्वसनीय निवेदक’ म्हणून निकालात काढलंस. जे त्याला स्वतःलाच अजून आठवलेलं नाही, ते तो लपवेल कसं? पुन्हा तेच: केव्हा बोलतोय?

‘कोसला’वर ‘कॅचर’चा प्रभाव किती, या वादात शिरू नकोस. मराठीत तो पुरेसा झालाय. माझ्या मार्गदर्शकांना माझ्याकडून तेच हवं होतं. सांगणाऱ्याच्या वयावरचं माझं प्रकरण काढा, प्रभावावर लिहा, म्हणाले. मी काढलं नाही. प्रबंध रखडला, बरोबरचे पुढे गेले, मला हट्टी म्हणाले. असेन. पण प्रभावाने होल्डन आणि पांडुरंग जवळ आलेले दिसतात, वेगळे कुठे होतात ते दिसत नाही, आणि तुलना करायची ती वेगळेपणासाठीच ना? मी बरोबर होते. खंत एवढीच की रागाच्या भरात ते प्रकरण कुठे छापायलाही दिलं नाही. दिलं असतं तर आज त्याची प्रत पाठवली असती, हे लांबलचक पत्र नाही.

तू आणखी एक विचारलंस, घाबरत घाबरत. वाचताना ही सगळी आपलीच गोष्ट वाटते, मग तटस्थ कसं राहायचं? अगं, तटस्थ राहायला कोणी सांगितलं? पण तूही आता सतरा वर्षांची नाहीस. तेव्हा होल्डनचं जे मनापासून पटलं होतं त्यातलं आज काय खटकतं, ते लिही. बहीण फीबी त्याला विचारते, तुला आवडतं असं एक तरी सांग, आणि त्याला पटकन काही सुचत नाही. तेव्हा तू कोणाच्या बाजूने होतीस? आज कोणाच्या आहेस? माझ्यापुरतं विचारशील तर मी हल्ली फीबीच्या बाजूने असते, आणि होल्डन मला कधीकधी असह्य होतो. ते वयाने होतं म्हणतात. मला वाटतं पुन्हा पुन्हा वाचल्याने.

तक्ता फाडू नकोस, रकाने खोड. दोनच ठेव: भोगतानाचं वय, सांगतानाचं वय. ‘शाळा’पाशी अडशील, कारण मुकुंद नववीतूनच बोलत राहतो, पुढचं कळलेला मोठा मुकुंद मध्ये येत नाही. भोवती आणीबाणी आहे आणि त्याला आवडत्या मुलीची, शिरोडकरची पडली आहे. तेच प्रकरण आधी लिहून पाठव. होल्डनचं शेवटी, त्यावरून आपलं भांडण होणार आहे आणि ते मला सावकाश करायचंय.

सप्रेम आशीर्वाद.