नळी पोखरली जाते की घडते?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील एका शिक्षिकाबाईंनी गर्भविज्ञानावरील टिपणात ‘प्राण्यांच्या अवयवांतील नळ्या पोखरून तयार होतात’ असे लिहिले असून, ‘पोखरणे’ येथे चालेल का आणि ‘नलिका’ व ‘वाहिनी’ यांतले काय घ्यावे, असे विचारले आहे.

नामाचा प्रश्न लवकर सुटतो. ‘नलिका’ हे नाव आकारावरून पडते, ‘वाहिनी’ कामावरून. त्यामुळे अजून घडत असलेल्या रचनेला ‘नलिका’ किंवा साधे ‘नळी’ म्हणावे.

क्रियापदाकडे मात्र बारकाईने पाहायला हवे. पोखरणे म्हणजे भरीव वस्तूच्या आतला भाग काढून टाकणे. भुंगा लाकूड पोखरतो. उंदराच्या गर्भातील लाळग्रंथीत याच्या जवळचे काही घडते, कारण पेशींच्या भरीव दांड्यातील मधल्या पेशी मरतात आणि त्यांच्या जागी पोकळी राहते. झेब्राफिशच्या आतड्यात मात्र पेशी न मरता त्यांच्यामध्ये द्रव साचतो, लहान लहान पोकळ्या होतात आणि त्या एकमेकींना मिळतात. येथे काहीच काढून टाकलेले नसल्यामुळे ‘पोखरणे’ चुकीची माहिती देते. ‘मध्ये पोकळी पडते’ असे लिहावे. (वडोदऱ्यात आपल्या तोंडी गुजरातीतले ‘पोलाण’ सहज येते, अर्थ तोच असला तरी मराठी लेखनात ‘पोकळी’ बरी.)

ज्या चेतानलिकेपासून मेंदू व मज्जारज्जू घडतात, तिची रीत वेगळी आहे. पेशींच्या सपाट पट्टीचे काठ उचलले जातात, पट्टीची पन्हळ होते आणि काठ जुळून नळी मिटते. माणसात हे गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत पुरे होते. येथे ‘सुरळी होते’ लिहिण्याचा मोह होईल. परंतु सुरळीच्या वडीत, म्हणजे आपल्या शेजाऱ्यांच्या खांडवीत, पट्टी स्वतःभोवतीच गुंडाळत जाते, तर चेतानलिकेत काठाला काठ भिडतो. ‘पन्हळ मिटून नळी होते’ हेच नेमके. त्यातही कोंबडीच्या गर्भात शेपटीकडे हीच नलिका आधी भरीव दोरीसारखी असते व मग तिच्यात पोकळी पडते, म्हणजे एका नळीलाही एक क्रियापद पुरत नाही.

फुफ्फुसात आधीच पोकळ असलेल्या नळीपासून नव्या नळ्या निघतात. तेथे ‘नळी फुटते’ लिहिल्यास ती फुटून गेली असे वाटेल. ‘नळीला फाटे फुटतात’ असे लिहावे.

बाईंच्या वाक्यात हे सर्वच प्रकार येत असल्यामुळे तेथे ‘नळ्या घडतात’ असे लिहून ‘पोखरणे’ लाळग्रंथीच्या परिच्छेदापुरते ठेवावे.