वाचक विचारतात: कामावर हात गेला, आता पुढे कुठलं काम?

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही फोंड्याजवळ राहतो. माझे मिस्टर कुंडईच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर ऑपरेटर होते, नऊ वर्षं. मे 2025 मध्ये प्रेस डबल पडली आणि उजव्या हाताची चारही बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. प्रेसचा सेफ्टी गार्ड महिनाभर आधीच काढून ठेवलेला. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) होतं, त्यामुळे ट्रीटमेंट झाली, घरी होते तोपर्यंतचे पैसे पण आले, आणि आता मेडिकल बोर्डाने 50 टक्के अपंगत्व दिलंय. वय 36. कंपनीचे एचआर म्हणतात, राजीनामा द्या, आम्ही एक लाख देतो, पेन्शन तर तुम्हाला येणारच आहे. मडगावच्या ईएसआय हॉस्पिटलात लायनीत एक बाई म्हणाली की नवीन काम शिकायला पण ईएसआय पैसे देतं. ऑफिसात विचारलं तर धड कुणी सांगत नाही. मिस्टर मुलीच्या दुरेघी वहीत डाव्या हाताने अक्षर गिरवत बसतात, मला बघवत नाही. सही करायची का?

उत्तर: ताई, राजीनाम्यावर सही आत्ता करू नका. कंपनीशी भांडा असं मी म्हणत नाहीये, पण त्या एक लाखात नेमकं काय काय धरलंय ते आधी लेखी मागून घ्या. कारण सांगते. ग्रॅच्युइटीला एरवी पाच वर्षं सर्व्हिस लागते, अपंगत्वामुळे नोकरी सुटली तर ती अट पण नाही, आणि तुमच्या मिस्टरांची तर नऊ झालीत. बेसिक आणि डीए मिळून समजा 14,000 असेल तर पंधरा दिवसांच्या हिशोबाने, म्हणजे 14,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 9, सुमारे 72,700 रुपये ग्रॅच्युइटीच होते. म्हणजे लाखातले बहात्तर हजार तुमचेच, तुम्हालाच परत देऊन वर उपकार. असं झालंच असेल असं नाही, पण कागदावर फोड करून घेतल्याशिवाय कळणार कसं? पीएफ वेगळा, राहिलेली रजा वेगळी.

दुसरं, "पेन्शन तर येणारच आहे" हे वाक्य. खरं आहे, पण ते कंपनीच्या हातातलं नाही. त्याला पर्मनंट डिसेबलमेंट बेनिफिट म्हणतात आणि ते ईएसआय देतं, राजीनामा दिला तरी देतं, नाही दिला तरी देतं, उद्या मिस्टर दुसरीकडे कामाला लागले तरी देतं, जन्मभर. हिशोब असा असतो की रोजच्या सरासरी पगाराच्या 90 टक्के, आणि त्यातून बोर्डाने जेवढे टक्के ठरवले तेवढा भाग. सरासरी रोज समजा 600 धरला तर 90 टक्के 540, त्याचे 50 टक्के 270 रुपये रोज, महिन्याला आठ हजार शंभरच्या आसपास. चार बोटांना कायद्याच्या तक्त्यात 50 टक्केच आहेत, त्यामुळे बोर्डाने बरोबर दिलंय. फक्त तो निकाल फायनल आहे की तात्पुरता ते कागदावर बघा, तात्पुरता असेल तर बोर्ड परत बोलावतं आणि त्या तारखेला जावंच लागतं. ज्यांना टक्के कमी वाटतात त्यांनी निकाल हातात पडल्यापासून तीन महिन्यांत अपील करायचं.

(नोव्हेंबर 2025 पासून जुने कायदे जाऊन सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली म्हणून ऑफिसात कुणी "आता नियम बदलले" म्हणालं तर सांगा की अपघात मे महिन्यातला आहे.)

आता त्या लायनीतल्या बाईंचं. त्यांनी अगदी बरोबर सांगितलं, आणि मला वाईट याचंच वाटतं की ही माहिती लायनीत कळावी लागते. ईएसआयमध्ये व्होकेशनल रिहॅबिलिटेशन, म्हणजे अपघातानंतर नवीन काम शिकवण्याची सोय आहे. कामावरच्या अपघातामुळे निदान 40 टक्के कायमचं अपंगत्व आलेलं असावं आणि वय 45 च्या आत असावं. तुमचे मिस्टर दोन्हीत बसतात. ट्रेनिंग चालू असेपर्यंत जी फी असेल ती, किंवा रोजचे 123 रुपये, यातलं जे जास्त ते मिळतं. पेन्शन त्याने थांबत नाही. हे ट्रेनिंग केंद्र सरकारच्या लेबर खात्याच्या व्हीआरसीत (व्होकेशनल रिहॅबिलिटेशन सेंटरात) होतं, आता त्यांना नॅशनल करिअर सर्व्हिस सेंटर म्हणतात, मुंबईत सायनला एक आहे. 123 रुपयांत घर सोडून मुंबईत राहणं म्हणजे काय ते मला कळतं आणि ही रक्कम लाज वाटावी इतकी कमी आहे असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून जायच्या आधी राहण्याचं, प्रवासाचं काय ते लेखी विचारून घ्या, तोंडी उत्तरावर बॅग भरू नका.

अर्ज साधा असतो. ईएसआयच्या ब्रँच मॅनेजरच्या नावाने एक पानाचा, वर आयपी नंबर (ईएसआयचा विमा नंबर), अपघाताची तारीख, बोर्डाचे टक्के, वय, आणि एक सरळ वाक्य की मला व्होकेशनल रिहॅबिलिटेशनचा लाभ हवा आहे. सोबत बोर्डाच्या निकालाची आणि आधारची झेरॉक्स. दोन कॉप्या न्या आणि एकीवर इनवर्डचा शिक्का मारून घ्या, तो शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. धड सांगत नाहीत म्हणालात ना, शिक्का पडला की सांगावं लागतं. पंधरावीस दिवसांत काही आलं नाही तर तीच कॉपी जोडून पणजीच्या रिजनल ऑफिसला पाठवा.

हाताला कृत्रिम बोटं किंवा काही साधन बसत असेल तर ते पण ईएसआयच्याच ट्रीटमेंटमध्ये येतं, आणि त्यासाठी कृत्रिम अवयव केंद्रात ऍडमिट राहावं लागलं तर तेवढे दिवस सरासरी रोजाच्या शंभर टक्के पैसे मिळतात. हे ट्रेनिंगच्या आधी उरका, म्हणजे हात काय काय करू शकतो ते कळेल आणि त्याप्रमाणे कोर्स निवडता येईल.

आणि कोर्स निवडताना एक मनापासून सांगते. अपंग माणूस म्हटला की लोक लगेच मेणबत्त्या नाहीतर कागदी पिशव्या सुचवतात. नऊ वर्षं प्रेसवर काढलेल्या माणसाला पत्र्याची जाडी हाताला कळते, डाय (साचा) बिघडली की आवाजावरून कळतं, मापाचा व्हर्नियर वाचता येतो, रिजेक्शन कशामुळे येतंय ते कळतं. हे सगळं बोटांबरोबर गेलेलं नाहीये. क्वालिटी इन्स्पेक्शन, स्टोअर, टूलरूमचं रेकॉर्ड, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनचं प्रोग्रॅमिंग, अशा बाजूला जा. फर्मागुडीची आयटीआय तुमच्या जवळच आहे, तिथे जाऊन शॉर्ट कोर्स कुठले आहेत ते विचारा आणि अर्जात लिहा की ईएसआयने तिथली फी द्यावी, मान्य करतीलच असं नाही पण मागितल्याशिवाय तर नाहीच नाही. कंपनीलाही हेच लेखी द्या की मला क्वालिटीत किंवा स्टोअरमध्ये घ्या. खाजगी कंपनीवर तशी सक्ती नाही हे खरं, सरकारी नोकरीत असते तर 2016 च्या दिव्यांग कायद्याने काढताच आलं नसतं, पण गार्ड काढलेल्या प्रेसवर हात गेलाय हे कंपनीला चांगलं माहीत आहे, त्यामुळे तुमच्या पत्राला वजन आहे. गार्डची गोष्ट ज्यांनी बघितली त्या एकदोघांची नावं तुमच्याकडे लिहून ठेवा.

डाव्या हाताच्या अक्षराचं म्हणाल तर त्यांना गिरवू द्या. फॉर्मवर, बँकेत डाव्या हाताची सही लागणार आहेच, ती एकदा बसली की बँकेत जाऊन नवीन सहीचा नमुना देऊन या.

प्रश्न: मी म्हापशाला एका मार्बल कटिंगच्या शेडवर कामाला होतो, आम्ही तिघेच. कटरमध्ये डावा अंगठा पूर्ण गेला. ईएसआय वगैरे काही नाही. पात्रांवाने (मालकाने) गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजातून) आणल्यावर खाजगी हॉस्पिटलचं चाळीस हजार बिल भरलं आणि आता स्टॅंप पेपरवर लिहून मागतो की हिशोब पूर्ण झाला. माणूस वाईट नाही. वय 30, पगार 16 हजार, रोखीत.

उत्तर: भाऊ, पात्रांव चांगला असेल, तरी लिहून देऊ नका. तिघेच कामाला म्हणून ईएसआय लागत नाही, पण विजेवर चालणारा कटर आहे तिथे कामगार नुकसानभरपाईचा कायदा (आधी 1923 चा, नोव्हेंबर 2025 पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत आलाय) लागतो, त्याला माणसांची संख्या लागत नाही. त्या कायद्यात मालकाने भरलेलं हॉस्पिटलचं बिल भरपाईत धरताच येत नाही, ते वेगळं आणि भरपाई वेगळी. आणि कामगाराने आपला हक्क सोडल्याचं लिहून दिलं तरी कायद्याने ते फोल असतं, पण एकदा कागद झाला की तुम्हालाच दहा जणांना समजावत बसावं लागतं.

रक्कम ऐका. पगार हिशोबाला जास्तीत जास्त 15,000 धरतात, त्याचे 60 टक्के 9,000. तिसाव्या वर्षाचा आकडा तक्त्यात 207.98 आहे. गुणाकार 18,71,820. अंगठ्याला 30 टक्के, म्हणजे 5,61,546 रुपये. कुठे चाळीस हजार आणि कुठे साडेपाच लाख. महिन्याभरात दिले नाहीत तर वर 12 टक्के व्याज लागतं, आणि मुद्दाम टाळले तर दंड वेगळा.

पात्रांवाकडे एवढे नसतील हे मला समजतं. त्याने इन्शुरन्स काढलाय का ते आधी विचारा, बऱ्याच शेडवाल्यांकडे पॉलिसी असते आणि त्यांच्याच लक्षात नसतं. समजुतीने मिटवायचं तरी पणजीत पट्टोच्या श्रमशक्ती भवनात लेबर कमिशनरच्या ऑफिसात जाऊन तिथे नोंद होईल असं मिटवा. पगार रोखीत म्हणून घाबरू नका, सोबतचे दोघे, मोबाइलवरचे पैशांचे मेसेज, मार्बल नेणारे गिऱ्हाईक, हे सगळं पुराव्यात चालतं. अपघातापासून दोन वर्षांत दावा टाकायचा असतो.

फक्त या कायद्यात पैसे मिळतात, पुढे काम शिकवायची जबाबदारी कुणावरच नाही. ही उणीव मला फार टोचते, कारण अपघात सगळ्यात जास्त रोखीत पगार असणाऱ्यांच्याच नशिबी येतात असं मी बघत आलेय. त्यामुळे भरपाई आली की त्यातली थोडी कोर्ससाठी बाजूला ठेवा. दिव्यांग सर्टिफिकेट वेगळ्या बोर्डाकडून काढावं लागतं, तिथले टक्के या 30 पेक्षा वेगळे येऊ शकतात, 40 झाले तर सरकारी कर्जाच्या आणि नोकरीच्या योजना उघडतात, म्हणून एकदा तपासून घ्याच.

प्रश्न: वेर्ण्याला फॅब्रिकेशनमध्ये वेल्डर, एक डोळा गेला, 40 टक्के मिळाले, वय 47. ट्रेनिंगचे पैसे मिळतील का?

उत्तर: ईएसआयचे नाही मिळणार, 45 ची अट आड येते, आणि माझ्या मते ती अट चुकीची आहे कारण 47 व्या वर्षी घरात मुलं शिकत असतात. पेन्शन मात्र जन्मभर आहे. अपंगत्वामुळे नोकरी सुटली तर वर्षाला 120 रुपये भरून तुम्हाला आणि मिसेसना ईएसआयची ट्रीटमेंट रिटायरमेंटच्या वयापर्यंत चालू राहते, हे पैसे भरायला विसरू नका. आणि चांगल्या डोळ्याची तपासणी दर सहा महिन्यांनी करून घ्या, वेल्डिंगच्या जवळपास कुठलंही काम केलंत तरी काच लावूनच.